सतरा नंबरच्या दिव्याखाली

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण खोटं सांगून मला काय मिळणार? भाऊ अजून प्लास्टरमध्ये आहे.

मी संघमित्रा. धाकटा भाऊ सम्यक आणि मी परळला राहतो, लाइटिंगची कामं घेतो. घरात बाबासाहेबांचा फोटो, भुताखेतांना थारा नाही.

मागच्या महिन्यातला रविवार. दुपारचे तीन. रे रोडचं लाकडाचं गोडाऊन.

सुट्टी होती. आत आम्ही दोघं आणि वॉचमन कुशाबा काका, बस्स.

काम नव्या एलईडी दिव्यांचं. यातला प्रत्येक दिवा वेगळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, फोनच्या कॅमेऱ्याला कळतं. फोन ज्या दिव्याखाली, तिथे लॅपटॉपच्या नकाशावर ठिपका. दिवा बंद केला की ठिपका गायब.

सतरा नंबरचा दिवा त्रास देत होता. फोन शेजारच्या फळ्यांवर ठेवून सम्यक शिडीवर चढला.

आईने शंभरदा बजावलंय, "तो चढला की शिडी तू धरायची."

धरली होती हो! पण लॅपटॉप बघायला दारापाशी गेले. दोन मिनिटं फक्त. मध्ये लाकडाच्या थप्प्या, तिथून सम्यक दिसत नव्हता.

त्याचा ठिपका सतरावर.

आणि एक ठिपका... तीनवर.

"काका, आत अजून कोण आहे?"

"कोन असनार? शटर माझ्यासमोर हाय." काका माझ्या शेजारीच चहा ओतत होते. त्यांचा फोन साधा, बटणांचा. माझा खिशात.

चार... पाच... सहा...

पावलांचा आवाज नाही.

मी आठ ते पंधरा, अख्खी रांग बंद केली.

ठिपका सातवर थांबला. हुश्श!

मग... आठ.

नऊ.

बंद दिव्यांखाली! असं होऊच शकत नाही.

सोळा...

सतरा.

"सम्या, खाली उतर!"

"ओरडतेस काय ताई? काकांनी धरलीय ना शिडी!"

काकांच्या हातातला चहा सांडला.

"काका इथे आहेत रे!" मी किंचाळले.

मग धाडकन शिडी कोसळली.

सम्यकचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. शिडीच्या एका पायाचं रबर कधीच निघालेलं होतं. त्या गुळगुळीत लादीवर ती एवढा वेळ उभी राहिली कशी, हेच काकांना कळेना.

सम्यक रोज ऐकवतो, "घट्ट धरली होती गं. मी खाली बघितलं, नुसते हात होते. तू किंचाळलीस आणि सोडली."

धरायला मी हवी होते.

परवा फणसवाडीतल्या एका दुकानात एकटीच चढले. पोट थांबतं का? शिडी डुगडुगत होती.

तिसऱ्या पायरीवर... एकदम थांबली.

मी खाली बघितलं नाही. ओरडले तर मुळीच नाही. "धरा हं," एवढंच पुटपुटले आणि दिवा बसवला.

रात्री जेवायला वाढताना आईने विचारलं, "शिडी कोणी धरली होती?"

"होतं कोणीतरी," म्हटलं.