मोठी मरळ मॅडमसाठी

पाय सटकला, मी चिखलात बसले आणि हातातली मोजपट्टी थेट त्याच्या होडीत जाऊन पडली.

"मॅडम, नदी मोजायला आल्या का?" तो हसू दाबत म्हणाला.

"मासे!" मी तणतणले.

नवल त्याचं नाव. धरणगावच्या पुढे, तापीकाठच्या भोईवाड्यातला. मी चारुलता, जळगावहून आलेली, माशांचा अभ्यास करणारी. नदीत मरळ किती उरलीय याची नोंद कुणाकडेच नव्हती. मग उपाय एकच – जाळ्यात येईल ती मरळ मोजायची. अंडी घालण्याइतक्या मोठ्या जास्त निघाल्या तर ठीक. पिल्लंच जास्त निघाली, तर मासा संपत चाललाय.

रोज सकाळी नवलची टोपली तयार असायची. काय एकेक मरळ! हातभर लांब! "अगं बाई!" मी ओरडायची, आणि तो... माशाकडे नाही, माझ्याकडे बघत बसायचा. कळत होतं हो मला. आवडतही होतं.

महिन्याभरात अहवाल लिहून झाला – मरळ ठणठणीत, मासेमारीवर बंदीची गरज नाही. नवलला सांगायला म्हणून त्याच्या घरी गेले, तर ओट्यावर त्याची आई, कमलबाई, घमेलंभर मरळ साफ करत होती. सगळी बोटभर!

"अक्का, एवढी पिल्लं? मोठ्या कुठे गेल्या?"

"बठ्ठा मोठा मासा तुन्हासाठे काढी ठेवस नवल. बारका आम्हले," ती कौतुकानं म्हणाली.

म्हणजे सगळे मोठे मासे तो माझ्यासाठी वेगळे काढत होता, आणि मी मोजले ते फक्त तेवढेच! माझ्या अहवालावर विसंबून पिल्लं धरणारी बारीक भोकांची जाळी अशीच चालू राहिली असती, आणि दोन-तीन वर्षांत तापीत मरळ दिसली नसती. मी तरातरा काठावर नवलकडे गेले.

"महिनाभर फसवलंत मला!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "फसवायचं नव्हतं, मॅडम... मोठी मरळ बघून तुम्ही किती खूश व्हायच्या! तेवढं बघायला मिळावं म्हणून..."

मूर्ख माणूस! मला रडूच आलं. रागानं आलं, असं मी त्याला सांगितलं. पण चूक माझीही होती. बाकीचे मासे कुठे जातात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग आठ दिवस आम्ही जाळ्यातलं सगळंच मोजलं. मी पट्टी धरायची, तो आकडे लिहायचा. शंभरात मोठ्या फक्त बारा निघाल्या.

"अंड्यांच्या दोन महिन्यांत जाळी बंद ठेवा, असं लिहावं लागेल," मी चाचरत म्हणाले. "तुमचंही जाळं..."

"लिहा." तो क्षणभरही थांबला नाही. "दोन महिने जळगावला पाइपच्या कारखान्यात जाईन. फक्त... जळगावात माझं कोण शे?"

"मी आहे ना."

"मॅडम म्हणून?"

"नाही रे. चारू म्हणून."

तो लाजून जाळं आवरायला लागला. शेवटी मीच त्याचा हात धरला. माशाचा वास येत होता त्याच्या हाताला – आणि माझ्याही.