खांबापुढचं पाणी

"पाणी घरट्याच्या वीतभर खाली राहील," तरंगने जाहीर केलं. तरंग म्हणजे आमच्या पुलाची देखभाल करणारा यंत्रमानव. हुशार, पण भारी शिष्ट!

उद्या सकाळी धरणाचे दरवाजे उघडणार होते. पुलाच्या मधल्या खांबाला, नेमकं पाणी येतं त्या बाजूला, पाकोळीचं मातीचं घरटं होतं. आत तीन पिल्लं. त्यांना उडता यायला अजून चार दिवस लागणार होते. माझा जीव टांगणीला लागला होता.

पूल होण्याआधी आजोबा या नदीवर नावाडी होते. ते म्हणाले, "शलाका, पाण्यात वल्हं उभं धर बघू."

मी धरलं. काय गंमत! वल्ह्यापुढे पाणी वर चढलं आणि मागे खड्डा पडला.

"तरंग, तुझ्या गणितात हे चढलेलं पाणी आहे का रे?" मी विचारलं.

त्याचे दिवे लुकलुकले. "मी नदीचं प्रतिमान (खऱ्या गोष्टीची आकड्यांतली नक्कल) केलंय. पाण्याचे लाखो छोटे डबे कल्पिले. प्रत्येक डब्यात शेजारून किती पाणी आलं, किती गेलं, कुठल्या वेगाने, सगळं मोजलं. फक्त वरचा पृष्ठभाग..." तो अडखळला. "सपाट धरला. झाकण ठेवल्यासारखा. उत्तर लवकर येतं ना!"

"अरे आळशा! झाकणाखालचं पाणी वर चढेल कसं?"

तरंगने झाकण काढलं. आता वरचे डबे भरलेले, रिकामे की अर्धवट, हेही तो मोजू लागला. वाहतं पाणी खांबाशी अडलं, की त्याचा जोर त्याला वर ढकलतो. किती? वीतभर! म्हणजे थेट घरट्यापर्यंत. मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? होडीचं तोंड निमुळतं का असतं, सांग!" आजोबा म्हणाले. "पाण्याशी टक्कर घ्यायची नाही, त्याला दोन्हीकडून वाट द्यायची."

तरंगने खांबापुढे आकड्यांची होडी उभी केली आणि ओरडला, "आता फक्त चार बोटं!"

परसात पालथी पडलेली आजोबांची होडी सात वर्षांनी, त्याच संध्याकाळी पाण्यात उतरली. आजोबांचे डोळे भरून आले. खांबापुढे, प्रवाहाकडे तोंड करून, त्यांनी ती दोन नांगरांवर पक्की केली.

सकाळी धरणाचा भोंगा वाजला. पाणी फेसाळत आलं, होडीच्या टोकाशी दुभंगलं आणि दोन्ही बाजूंनी निघून गेलं. खांबावर ते चढलं, पण चारच बोटं! पाकोळी चोचीत किडा घेऊन घरट्याशी आली आणि तीन तोंडं एकदम उघडली. मी नाचायलाच लागले.

"सगळ्या पुलांवरच्या यंत्रमानवांना कळवलंय, झाकण काढा म्हणून," तरंग म्हणाला. मग जरा लाजत आजोबांकडे वळला. "आजोबा, मला वल्हं मारायला शिकवाल?"