पाचव्या लाईनवरची वॅगन

सरोजिनी चांदोरकर रोज सकाळी पावणेनऊला नेपियर टाउनमधून स्कूटरवर निघायची आणि भेडाघाटच्या रस्त्यावरच्या मालधक्क्यावर साडेनऊच्या आत पोचायची. मालधक्का एका खासगी कंपनीचा होता. पाच लाईनी, दोन गोदामं आणि सगळ्यावर दगडाची पांढरी भुकटी. मागच्या वर्षी तिथून तांब्याची केबल चोरीला गेली आणि पाठोपाठ कुणीतरी बाहेरून संगणकांत शिरायचा प्रयत्न केला. तेव्हापासून कुंपण, कॅमेरे आणि संगणक या सगळ्यांची राखण तिच्याकडे आली होती. ती मन लावून काम करायची. कुठल्याही बिघाडाला कारण असतं आणि नीट शोधलं की ते सापडतं, यावर तिचा वीस वर्षांपासून विश्वास होता.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, तिच्या पडद्यावरची पाचवी लाईन लाल झाली. रुळाला बसवलेलं चाकं मोजणारं यंत्र सांगत होतं की एक वॅगन आत आली आहे. लाईनच्या तोंडाशी धावत्या वॅगनचं वजन घेणारा काटा होता. त्यावर आकडा उमटला होता बावीस हजार नऊशे ऐंशी किलो, म्हणजे रिकामी वॅगन. कॅमेऱ्यात मात्र नुसते रूळ दिसत होते आणि टोकाला मातीचा बांध. बारा वाजून पाच मिनिटांनी वॅगन बाहेर गेल्याची नोंद झाली. जाताना वजन तेवढंच. लाईन हिरवी झाली.

बुधवारी पुन्हा तेच, त्याच मिनिटाला.

कुणीतरी खोटे आकडे पाठवतंय, असं तिने धरलं. बाहेरचं नेट तोडलं, सगळे पासवर्ड बदलले, चाकं मोजणारं यंत्रच नवं बसवून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत नोंदी चाळत बसली. आत शिरल्याचा माग म्हणून सापडला नाही. गुरुवारी तिने पाचव्या लाईनकडे गाड्या वळवणारा सांधा दुसरीकडे फिरवून त्याला कुलूप ठोकायला लावलं. आता खरीखुरी वॅगनसुद्धा तिकडे वळू शकत नव्हती. किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

अकरा वीसला लाईन लाल झाली. बावीस हजार नऊशे ऐंशी.

तिचे साहेब श्रीकांत नागपूरच्या ऑफिसात बसायचे. माणूस समजूतदार होता, पण शनिवारी सिमेंटची गाडी याच लाईनवर घ्यायची होती. त्यांनी फोनवर तिला नियमाची आठवण करून दिली. लाईन लाल असताना माणूस पाठवायचा, त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघायचं आणि काही नसलं तर तसं लिहून द्यायचं. मग यंत्राचं म्हणणं बाजूला ठेवता येतं. तो नियम सरोजिनीनेच लिहिला होता.

शुक्रवारी लाईन पुन्हा लाल झाल्यावर तिने तुळशीरामला पाठवलं. हा तिथला चौकीदार, साठीचा, तोफांच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेला, मूळचा वर्ध्याकडचा. तिने त्याला चारही दिवसांचं सगळं सांगितलं. तो हसला नाही की घाबरला नाही. वॉकीटॉकी घेऊन निघाला.

ती कॅमेऱ्यातून बघत होती. तो सावकाश, मान खाली घालून चालत होता. लाईनीच्या मधोमध आला आणि थांबला. मग त्याने उजवा हात खांद्याइतका वर उचलला आणि हवेत पंजा टेकवला. भिंतीवर टेकवावा तसा.

"तुळशीराम, काय झालं?"

"काही दिसून नाही राहिलं, मॅडमजी." त्याने पंजा थोडा सरकवला. "पण इथं सावली हाय."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आजूबाजूला झाड नव्हतं.

"परत या. लगेच."

तो जागचा हलला नाही. तिने पुन्हा सांगितलं. त्याने दुसराही हात वर टेकवला आणि कपाळ त्या दोन हातांच्या मध्ये आणलं, फटीतून आत बघावं तसं.

ती धावत सुटली. नियंत्रण कक्षापासून पाचवी लाईन बरीच लांब होती. धापा टाकत पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते आणि तुळशीराम टोपीने मान पुसत समोरून येत होता. अगदी नेहमीसारखा.

"काहून धावत आल्या?" तो म्हणाला. "चलो, चाय घेऊ."

दोघांनी चहा घेतला. तो नातवाच्या शाळेबद्दल बोलला. मग ती आपल्या खुर्चीवर परत आली. लाईन हिरवी होती. वॅगन बारा पाचला बाहेर गेली होती.

जातानाचं वजन तेवीस हजार एक्कावन्न.

तिने वजाबाकी कागदावर केली. दोनदा केली, दोन्ही वेळा एकाहत्तर किलो जादा.

दाराशी जाऊन तिने तुळशीरामला विचारलं, तुमचं वजन किती हो?

"एकाहत्तर. मागच्याच हप्त्यात डॉक्टरनं केलं. शुगर हाय ना मले."

तिने श्रीकांतना फोन लावला आणि आकडे सांगितले. त्यांनी आकडे लिहून घेतले. मग हळुवारपणे म्हणाले की तेवीस टनांच्या वजनात सत्तर किलोचा फरक काहीच नसतो, तिने दोन दिवस सुट्टी घ्यावी. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही हेच सांगितलं असतं.

नियमाप्रमाणे तुळशीरामने 'काही नाही' असं लिहून दिलं आणि तासाभरात पाचवी लाईन नागपूरहून कायमची हिरवी करण्यात आली. तिने नोंदी उघडायचा प्रयत्न केला. पडद्यावर लिहून आलं की तिला परवानगी नाही.

चार वाजता तुळशीरामची पाळी संपली. ती बाहेर पायरीवर उभी होती. तो गोदामाकडून आला, डबा काखेत घेऊन, लाईनी ओलांडत. पायांत जड बूट.

"येतो, मॅडमजी."

तिने मान हलवली. तो तिच्यापासून दहा पावलांवरून गेला, रुळांमधल्या सैल खडीवरून, फाटकापर्यंत. ती कान देऊन ऐकत होती. कसलाही आवाज आला नाही.

मग त्याच खडीवर एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या, आणि त्याच्या पायांखाली खडे वाजले.