वखारीतलं तेविसावं नाव

हे खरं आहे. कुणाला पटो न पटो, मी वाद घालत बसणार नाही. ज्याला पटत नाही त्यानं निपाणीला यावं, मी ती तंबाखूची वखार लांबून दाखवतो. लांबूनच. आत मी जात नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यातला शनिवार. रात्र-बित्र काही नाही, अमावास्या नाही.

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन.

घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या, समताच्या बाबतीत. ती वखारीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. तिची आजी सोनुबाई याच वखारीत तंबाखू निवडायची आणि हजेरीला अंगठा लावायची. तिनं नातीला एकच गोष्ट शिकवली होती. "कागदावर आपलं नाव हाय का ते आदी बघायचं. बाकीचं मागनं." समता तशीच झाली. कागदाला धरून चालणारी, आणि एकदा हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं न ऐकणारी.

तंबाखूला बारीक किडा लागतो. म्हणून वर्षातनं दोन-तीनदा वखार रिकामी करून विषारी गोळ्या ठेवतात. त्यातनं वायू सुटतो. चार दिवस दार बंद.

आत माणूस राहिलं तर संपलंच.

म्हणून दार लावण्याआधी तिथली म्हातारी मुकादमीण, अक्काताई, उंबऱ्यावर उभी राहून एकेकीचं नाव घ्यायची. अंगणातनं त्या बाईनं "हाय" म्हणायचं. बावीस बायका, बावीस नावं.

आणि शेवटी अजून एक...

"नागूबाई."

याला कधीच ओ यायची नाही. अक्काताई जरा वेळ थांबायची, मग बाजूला व्हायची.

मालकाचा पोरगा बेळगावात कॅम्पात बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. त्याला ही हाकाटी नको होती. सगळं मोबाईलवर आणा म्हणाला. समतानं दोन दिवसांत आणून दिलं.

कामांच्या यादीचं एक ॲप असतं. त्यात प्रत्येक बाईचं "बाहेर आली" हे एक काम. आली की टिक करायची. हे ॲप तिनं फोनवर सूचना पाठवणाऱ्या दुसऱ्या सेवेला जोडलं. त्याला कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे, एकाला दुसरा रेषेनं जोडायचा. सगळ्या कामांवर टिक झाली, तर तीन फोनवर सूचना जाणार, "वखार मोकळी. दार लावा." नाही झाली, तर किती बाकी तेवढं सांगणार. एक फोन समताचा, एक मॅनेजर मारुतीरावांचा, एक गोळ्या ठेवणाऱ्या भरमाचा. सूचना आल्याशिवाय भरमानं डबा उघडायचा नाही, हा नियम तिनं स्वतः घातला.

नावं तिनं हजेरीच्या मस्टरवरनं उतरून घेतली. बावीस.

"आन नागूबाई?" अक्काताईनं विचारलं.

"मस्टरवर न्हाय की, आक्का."

मारुतीराव खेकसले. "तसली कोण बाई आपल्याकडं कधी कामालाच नव्हती. म्हातारी भरमिष्ट झालीया. तू तुझं काम कर."

समतानं आपलं काम केलं. ती चूक तिला आजही सलते.

तर तो शनिवार. बायका बाहेर आल्या. टिक करायला दाराशी स्टुलावर ऑफिसचा फोन ठेवलेला. पण दिवसभर तंबाखू निवडून हात चिकट, तपकिरी झालेले. त्या बोटांना पडदा काही दाद देईना. बाळाबाई तेवढी हात धुऊन आली होती. ती म्हणाली, "सरा गं, मी करते सगळ्यांचं." आणि एका दमात तिनं बावीस जणींपुढं टिक मारून टाकली.

भरमा डबा घेऊन तयार. डब्यावर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, अपाय, म्हणजे धोका.

तिघांचे फोन एकदम वाजले.

समतानं बघितलं...

"एक बाकी."

तिनं यादी उघडली. खाली तेवीस कामं होती. बावीसवर टिक. तेविसाव्याला नाव नाही, काही नाही. नुसती कोरी ओळ.

तिनं ती पुसली.

ओळ परत आली.

पुन्हा पुसली. पुन्हा आली. ॲपमध्ये कुठलं काम कुणी घातलं त्याची नोंद असते. तिथंही कोरं. वेळ तेवढी होती, चार दहा.

समताला भीती नाही वाटली, राग आला. तिनं तिथंच उन्हात उभ्या उभ्या एकेक चौकोन तपासला. जोडणीत चूक नव्हती.

"हातानं पाठीव की सूचना," मारुतीराव म्हणाले. "तुला येतंय नव्हं?"

"येतंय. पाठवणार न्हाय."

"का?"

"एक बाकी दावतंय."

"मशीन हाय त्ये. भरमा, उघड रं डबा."

भरमा जागचा हलला नाही. "सूचना न्हाय आली, अण्णा."

मारुतीरावांच्या कपाळाची शीर तटतटली. "समता, सोमवारपासनं घरात बसायचं हाय काय तुला?"

"बसीन. पण आज दार लावू देणार न्हाय." आणि ती सरळ उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. "आक्का, नावं घ्या."

अक्काताई जणू वाटच बघत होती. एकेक नाव घेत गेली. अंगणातनं एकेक "हाय" येत गेलं. विसाव्या नावापर्यंत सगळं सुरळीत.

"मंगल."

अंगणात कोणी बोललं नाही.

"मंगल गं..."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि मग...

"हाय."

आवाज वखारीच्या आतनं आला.

बाळाबाईनं तोंडावर हात दाबला. टिक तिनंच मारली होती ना.

अक्काताईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. तिनं समताचा दंड घट्ट धरला. "पोरी, ह्यो मंगलचा आवाज न्हवं."

आता मात्र समता घाबरली. हे तिनं मला स्वतः सांगितलं. तरी ती आत गेली. मागनं कोणी आलं नाही.

आत अंधार. पंखे बंद. एरवी वाशांवर चिमण्या असायच्या, त्याही नव्हत्या. मोबाईलच्या उजेडात ती पोत्यांच्या थप्प्यांमधनं सरकत राहिली. पहिली थप्पी. दुसरी.

तिसरीच्या मागं मंगल पडली होती.

अंग तापानं फणफणलेलं. शुद्ध नाही. पण डोक्याखाली गोणपाट नीट घडी करून ठेवलेलं. तंबाखूची तिखट धूळ नाकात जाऊ नये म्हणून नाकावर पदर खोचलेला. आणि उशाशी एका पोत्यावर खोलगट जागा, कोणीतरी नुकतंच बसून उठल्यासारखी.

समतानं तिथं हात लावला.

मे महिन्यात... ती जागा गार होती.

भरमा आणि समतानं मंगलला उचलून बाहेर काढलं. दवाखान्यात सलाईन लागल्यावर संध्याकाळी तिला बोलता आलं. चक्कर आली म्हणून थप्पीमागं टेकले, एवढंच तिला आठवत होतं. आणि एक म्हातारी.

"उशाला बसलती की. मला ओ द्यायला येईना, तर म्हणाली, तू पड गं. तुझी हाक आली की मी ओ देते."

सोबत आलेली अक्काताई भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मग सगळं बाहेर पडलं. सव्वीस वर्षांमागं नागूबाई अशीच ताप भरून थप्पीमागं आडवी झाली होती. तेव्हा नावं घ्यायची पद्धत नव्हती. दार लागलं. चौथ्या दिवशी उघडलं. आणि मस्टरवर, दार लागलं त्या दिवशी, तिच्यापुढं लिहिलेलं निघालं, गैरहजर. कामावर नव्हतीच, मग दोष कुणाचा? नंतरच्या मस्टरवर तर नावच नाही. दुसऱ्या खेपेपासून अक्काताईनं नावं घ्यायला सुरुवात केली.

"मस्टर कोण लिवायचं तवा?" समतानं विचारलं.

"मारुती. नवाच लागलता."

सोमवारी मारुतीरावांनी फर्मान काढलं, ती कोरी ओळ काढून टाक. समतानं त्यांच्यासमोर बसून त्या ओळीत नाव लिहिलं. नागूबाई.

"काढायचंच असंल तर मला काढा यादीतनं. तिला न्हाय."

दारात बावीस बायका उभ्या होत्या. मंगलसुद्धा, सलाईनची पट्टी हाताला तशीच. मारुतीरावांनी कुणालाच काढलं नाही.

तेव्हापासून टिकही होते आणि हाकही होते. बावीस जणी स्वतः टिक करतात, त्यासाठी दाराशी पाण्याची बादली ठेवलीय. शेवटी अक्काताई नागूबाईला हाक मारते, सगळे थांबतात. तेविसाव्या ओळीवर टिक कधीच होत नाही. नियमाप्रमाणं "वखार मोकळी" ही सूचना यायलाच नको.

तरी येते...

म्हणजे ती आतच आहे. बाकीच्या सगळ्या बाहेर पडल्या की तीच दार लावू देते.

हे एवढ्यावर थांबलं असतं, तर मी लिहिलं नसतं.

दिवाळीच्या आधी मारुतीराव समताच्या टेबलापाशी आले. निम्मे झाले होते. फोन पुढं धरला. रोज चार वाजून दहा मिनिटांनी, रविवारीसुद्धा, एकच सूचना. एक बाकी. ॲप काढून टाकलं. फोन बदलला, नंबर बदलला.

"एवढं बंद कर गं, पोरी."

समतानं पाठवलेल्या सूचनांची नोंद उघडून त्यांना दाखवली. त्या वेळेला तिच्या जोडणीतनं काहीही गेलं नव्हतं. एकदाही नाही.

"माझ्याकडनं जात न्हाय, अण्णा."

"मग येतंय कुठनं?"

"जुनं मस्टर कपाटात हाय. तुमच्या हातचं अक्षर तुमीच खोडा. गैरहजरच्या जागी हजर लिवा. थांबतंय का बघा."

त्यांनी कपाटाकडं बघितलं. किल्ली त्यांच्याच खिशात होती. ते तसेच निघून गेले.

परवा मी समताला आणायला गेलो होतो. ऑफिसच्या दाराशी उभा होतो. चार वाजून दहा मिनिटं झाली, आणि आत मारुतीरावांचा फोन वाजला. कुणीही मान वर केली नाही. माझ्या मात्र अंगावर काटा आला तो अजून गेला नाही.

येताना मी समताला विचारलं, "तुला भ्या वाटत न्हाय?"

"वाटतंय की. रोज वाटतंय," ती म्हणाली. "पण मला बंद करता आलं असतं ना, तरी मी केलं नसतं."