पाळण्याजवळचं नेटवर्क

"आत्या कानात सांगंस्तोवर नाव उघडं ठिवू नगं," लंकाबाईंनी सुनेला बजावलं होतं. "उघडं नाव कुनीबी उचलतं."

आरतीनं ते हसण्यावारी नेलं. शिवाय तिनं नाव तोंडातून काढलंच नव्हतं. नुसतं टाइप केलं होतं.

भावकीत एकामागून एक सुतकं आली नि बारसं लांबलं. खोडदच्या त्या घरात सगळे पोरीला बबडीच म्हणत. आरतीची रजा संपत आली होती. घरून काम करायचं, तर भावाचा, ऋषीचा, जुना लॅपटॉप नेटला जोडणं भाग होतं, आणि त्याचा वायफायचा दिवा काही केल्या नारिंगीच राहायचा. मांडीवर बाळ, पुढ्यात लॅपटॉप, अशा तिच्या दुपारी सरत होत्या.

"तायडे, ड्रायव्हर काढून परत टाक," ऋषी फोनवरून सांगे.

काढला, टाकला. कडेची बारकी कळ सरकवली. मग फोनचा हॉटस्पॉट लावला. त्याला नाव द्यायचं होतं. शिणलेल्या डोक्यात बबडीसाठी ठरवलेलं एकच नाव घोळत होतं, तेच दिलं: तेजस्विनी.

दिवा निळा झाला.

काम उरकून तिनं हॉटस्पॉट बंद केला. लॅपटॉपवरच्या यादीत तेजस्विनी तशीच होती, सगळ्या रेघा भरलेल्या.

"जुनं डबडं आहे ते, जुनंच दाखवत बसतं," ऋषी म्हणाला. "रीस्टार्ट मार."

मारला. फोन बंद करून ज्वारीच्या डब्यात ठेवला. नाव हललं नाही. लॅपटॉप घेऊन ती घरभर फिरली. चुलीपाशी दोन रेघा, पाळण्यापाशी पूर्ण. लॅपटॉप पलंगावर ठेवून बबडीला अंगणात नेलं, तर दारातून दिसणाऱ्या रेघा एकेक करून विझल्या.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

पुढं पाळण्यापाशीही रेघा कमी व्हायला लागल्या. बबडी रडेनाशी झाली. दूध तोंडात घेई नि छताकडं बघत राही.

"लई गुणाची झाली गं पोर," लंकाबाई म्हणाल्या. "आवाज न्हाई तिचा."

आरती उघडा लॅपटॉप ताटासारखा धरून बाहेर पडली. गोठ्यापाशी एक रेघ वाढली. कांद्याच्या बांधावर पूर्ण झाल्या. समोर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या सावकाश वळत होत्या. बांधावर कुणी नव्हतं. तिथल्या मातीला दुधाचा वास येत होता.

बारसं झालं. नणंद भागू पाळण्यात वाकली, कानात नाव सांगितलं आणि तशीच थांबली.

"वहिनी, ही बघतच न्हाई ओ."

आरतीनं लॅपटॉप उघडला. यादी रिकामी होती.

संध्याकाळी ऋषीचा फोन आला.

"तायडे, इकडं पेठला आलीस का? हायवेच्या स्टॉपवर तुझं तेजस्विनी दिसतंय."

"रेघा किती?"

"फुल."

"जवळ कोण आहे?"

तो स्टॉपभोवती फिरून आला. "कुणीच नाही," मग हळूच म्हणाला.

तो शोधत होता, तोवर ते नाव पुढं गेलं होतं.

आरती अजून पाळण्यातलीला वेळेवर पाजते, न्हाऊ घालते. डॉक्टर म्हणतात, वजन चांगलं आहे.

तुम्ही पुणे-नाशिक रस्त्यानं जात असाल आणि मोबाइलवर ते नाव दिसलं, तर जोडू नका. गाडी बाजूला घ्या. तिला भूक लागली असेल. कुणी तिला जवळ घेतलंय का, तेवढं बघा.