तिळाच्या तेलाचा साबण

दिवाळीच्या पहाटे मंगळावरच्या गेरूवाडी वस्तीने नटूनथटून फराळाला बसायचं, तर ती बसली अंग खाजवत! कोणाचे गाल लाल, कोणाच्या हातांची आग. नवा घरगुती साबण लावून न्हालेल्या प्रत्येकाची हीच गत. साबण तर नेहमीसारखाच, तेवढंच तेल आणि तेवढाच कॉस्टिक सोडा घालून केलेला. मग बिघडलं कुठे?

वस्तीतले रसायनतज्ज्ञ आजोबा डोकं खाजवत होते. त्यांची नात वल्लरी मान खाली घालून चकली कुरतडत होती.

"बंडूचा काटा बिघडला असणार," आजोबा म्हणाले. बंडू म्हणजे त्यांनीच घडवलेला यंत्रमानव. सोडा त्यानेच मोजला होता. "याची स्मृती पुसून पहिल्यापासून शिकवायला हवं."

"माझंच चुकलं असेल, आजोबा," बंडू म्हणाला आणि पाठीवरचं बटण त्यांच्याकडे करून मुकाट उभा राहिला.

वल्लरीने उरलेली चकली ताटलीत ठेवली. तिला पाढे शिकवणारा बंडू आता तिला ओळखणारसुद्धा नव्हता. चूक तिची आणि शिक्षा त्याला! तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की साबण न लावताच तिची कानशिलं तापली.

"थांबा आजोबा! तेल मी बदललं. बंडू सोडा मोजत होता, तेव्हा खोबरेलाऐवजी तेवढंच तिळाचं तेल ओतलं. अभ्यंगाला तिळाचंच लागतं ना? वाटलं, सगळे शाबासकी देतील."

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी आपल्या लालबुंद हातांवर हळूच फुंकर घातली. ते तिला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"किलोभर बोरं आणि किलोभर पेरू घेतले, तर नग कशात जास्त?" त्यांनी विचारलं.

"बोरांत."

"खोबरेलाचे रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) बोरांसारखे लहान. तिळाच्या तेलाचे मोठे, म्हणून तेवढ्याच वजनात कमी. आणि साबणीकरणात (तेल व सोडा मिळून साबण होताना) रेणू लहान असो की मोठा, प्रत्येकाला सोडा सारखाच लागतो."

वल्लरीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे तिळाच्या तेलाला सोडा कमी पुरतो. उरलेला वडीत तसाच राहिला... आणि तुमच्या हातांना चावला."

"बरोबर. तेल बदलायला कोणाची ना नाही गं. पण तेल बदललं, की सोड्याचं गणित नव्याने मांडायचं."

"मग या वड्या फेकायच्या?"

"छे! किसून, वितळवून आणखी तेल घालू. उरलेल्या सोड्याचाही साबण होईल. पुढे तर आपल्याला शेवाळाचं तेल वापरायचंय. त्याला सोडा किती लागतो, ते अजून कोणी मोजलेलं नाही. मोजशील?"

वल्लरी बंडूजवळ गेली. त्याच्याकडे बघण्याचा तिला धीर होईना.

"तुझं काहीच चुकलं नव्हतं, बंडू."

"मग तेल मोजायला घेऊ?" त्याने एवढंच विचारलं.

"घे," हातमोजे चढवत ती म्हणाली. "पण आधी तेल कोणतं, ते मी मोठ्याने सांगते. सगळ्यांना ऐकू जाईल असं."