मधमाश्या कुठे पाणी पितात

साल १९५९. त्या वर्षी आमच्या फानारी बेटावर फेब्रुवारीनंतर पावसाचा थेंब पडला नाही. आमच्याकडे नदी नाही, ओढा नाही. हिवाळ्यात छपरावर पडलेलं पाणी घराखालच्या टाक्यात उतरवायचं आणि तेच वर्षभर जपून प्यायचं. जुलै सरता सरता टाक्यात सोडलेली बादली तळाच्या दगडावर खणकन वाजू लागली. थोरल्या बेटावरून पाणी आणणारी बोट यायची, पण तिकडेही टंचाई झाली आणि तीही यायची थांबली.

शेवटी कॉफीच्या दुकानात गावचे पुरुष जमले आणि ठरलं : पंधरा ऑगस्टला मरियामातेचा सण करायचा, शेवटचा, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या नावा आल्या की सामान भरून गाव कायमचं सोडायचं.

घरोघरी गाठोडी बांधली जाऊ लागली. एकाच घरात काही हललं नाही. माझी आत्या, अनेझिना, दारात बसून मेण मळत होती.

“आत्या, भांडी कधी बांधायची?” मी विचारलं.

“माझ्या माश्यांना कोण सांगणार निघायचं?” ती म्हणाली. “आणि मला सांग थेमेलिना, गावातल्या सगळ्यांच्या माश्या मेल्या. माझ्या कावोच्या टोकावरच्या का नाही मेल्या?”

“का?”

“पाणी पितायत म्हणून! उन्हाळ्यात पोळं गार ठेवायला माशीला पाणी लागतंच. आणि कुठं जातात तेही मी पाहिलंय. कड्यावरून सरळ खाली. पिक्रीला.”

पिक्री म्हणजे कडू. बेटाच्या पश्चिमेला, उभ्या तांबड्या कड्याखाली पांढऱ्याशुभ्र गोट्यांची लांबलचक पुळण आहे, तिचं हे नाव. जमिनीवरून तिथे उतरायला वाट नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने एकदा तिथे विहीर खणून पाहिली होती. लागलं ते निव्वळ मिठाचं पाणी. तेव्हापासून पिक्रीकडे कोणी पाण्यासाठी बघतसुद्धा नव्हतं.

आत्याने बघायचं ठरवलं. सणाला चार दिवस उरले होते.

बोट पोथितॉसकाकांची. तरुणपणी ते स्पंज काढणारे पाणबुडे होते. खोल पाण्याने त्यांचा एक पाय कायमचा लंगडा केला होता. बोटीत आम्ही रिकाम्या पखाली टाकल्या, प्यायच्या पाण्याचा एक मातीचा घडा ठेवला, आणि जवाचे कडक पाव, ऑलिव्ह, कांदे, फावडी. माश्यांना भुलवायला आत्याने पोळ्याच्या मेणाचा मोठा गोळा घेतला. आम्ही निघणार एवढ्यात धक्क्यावर पापा साव्वास आले, खांद्यावर पहार घेऊन. आमचे पाद्री. तिशीतले, गवंड्याचा मुलगा, खांदे बैलासारखे.

पोथितॉसकाकांनी हातातला दोर खाली टाकला.

“नाही! सकाळी समोर पाद्री दिसला की मी जाळं टाकत नाही. आणि हे बोटीत बसणार?”

“अहो काका, मी वाटेत प्रार्थना करत बसेन,” पापा म्हणाले.

“तीच तर भीती आहे! वरच्याने ऐकली म्हणजे?”

“पोथितॉस,” आत्या कडाडली, “गोटे उपसायला आहे कोण? तुझा पाय हा असा, माझी कंबर धरलेली, आणि ही पोरगी म्हणजे काडी. पापा येतायत. तुला ते दिसायला नको असतील तर झाकून ठेव!”

आणि खरोखर झाकलं! पापा साव्वास बोटीच्या मध्यभागी बसले, काकांनी त्यांच्यावर जुनं शीड टाकलं आणि स्वतःलाच बजावल्यासारखं मोठ्याने म्हणाले, “सामान. हे सामान आहे.”

बेटाचा पश्चिम किनारा मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिला. कडे इतके उंच की त्यांच्यावरच्या शेळ्या मुंग्यांएवढ्या दिसत. मध्येच समुद्राने कोरलेल्या गुहा, आणि आतलं पाणी असं निळं की वल्हं बुडवलं तर तेही निळं होऊन वर येईल असं वाटावं. एका खडकावर एक सील ऊन खात पडला होता. त्याने आम्हाला पाहिलं, कंटाळला आणि पाण्यात घसरला. हवेला रानथाइमचा वास होता.

“काय दिसतंय?” शिडाखालून आवाज आला.

“सामान बोलत नसतं!” काका ओरडले.

कावोचं टोक वळेपर्यंत सगळं ठीक होतं. ऑगस्टातला उत्तरेचा वारा बेटाच्या पलीकडे वाहत होता. आम्ही आडोशाला होतो. पण हा वारा डोंगर चढतो आणि मग कड्यावरून दगडासारखा खाली कोसळतो. तसा तो कोसळला!

शीड फाटलं. बोट आडवी झाली. पाणी आत आलं, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत! “उपसा!” काका गरजले. पापांनी अंगावरचं शीड भिरकावलं, डोक्यावरची उंच काळी टोपी काढली आणि टोपीनेच पाणी उपसू लागले. आत्या आणि मी एकेका वल्ह्याला लटकलो. पांढरी पुळण समोर दिसत होती. खडकही दिसत होते. दुसरा झोत आला. खाडकन आवाज! बोट खडकावर आपटली, उचलली गेली आणि पुढच्या लाटेने आम्हाला गोट्यांवर फेकून दिलं.

आम्ही चौघं जिवंत होतो. पण बोटीची एक फळी उकलली होती, हाताचं बोट आत जाईल एवढी फट. आणि घड्याची खापरं लाटेबरोबर आत-बाहेर करत होती.

काकांनी खापरांकडे पाहिलं, मग पापांकडे. “मी काही बोललो का?” ते म्हणाले. “मी काहीही बोललेलो नाही.”

मागे चढता न येणारा कडा, पुढे समुद्र, आणि प्यायला काही नाही. आता प्रश्न गावाच्या पाण्याचा राहिला नव्हता. आमच्याच घशाचा होता.

काकांनी फटीत चिंध्या कोंबल्या, पण बोट पाण्यात ढकलताच त्या बाहेर आल्या. दुपारी दगड इतके तापले की पाय ठेववेना. जवाचे पाव पाण्याशिवाय चावता येत नाहीत. ते आम्ही समुद्रात भिजवून खाल्ले आणि तहान दुप्पट झाली. आत्या मात्र मेणाचा गोळा उघडून मांजरासारखी दबा धरून बसली होती.

ऊन कलल्यावर माश्या आल्या. आधी एक, मग पाच-सहा. मेणाला हुंगून त्या पुळणीच्या दक्षिण टोकाला गेल्या. तिथे ओल्या गोट्यांवर माश्यांचा थरच बसला होता, तपकिरी, हलणारा. आत्याने दोन बोटं गोट्यांत घातली आणि तोंडात घातली.

“गोड!” ती किंचाळली. “अरे, गोड आहे!”

आम्ही पालथे पडून चाटलं. गोड म्हणजे अगदी गोड नाही, जरासं मचूळ, पण पाणी! प्रत्येकाला जेमतेम घोट मिळाला.

“खणा!” आत्या म्हणाली. “वरती एवढं आहे तर खाली तळं असेल! पापा, पहार घ्या!”

आमचं बेट टाक्यांचं. खोल टाकं म्हणजे जास्त पाणी, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. पापांनी झगा कमरेला खोचला आणि खणत सुटले. गुडघ्याएवढं झालं, कमरेएवढं झालं. पाणी उसळून आलं, भरपूर! आत्याने ओंजळ भरली. तोंडाशी नेली. आणि थुंकली.

खारट. विषासारखं खारट. आजोबांच्या विहिरीसारखंच.

आत्या खड्ड्याच्या काठावर बसली. तिचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

“त्यांचंच खरं होतं,” ती हळूच म्हणाली. “नावच कडू आहे पुळणीचं. जाऊ या आपणही सगळ्यांबरोबर.”

मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला तहानेपेक्षा त्याची जास्त भीती वाटली.

पहाटे उठलो तेव्हा ओठ फुटले होते. पोथितॉसकाका अंग गार करायला समुद्रात उतरले होते. जमिनीवर लंगडणारे काका पाण्यात माशासारखे. एक बुडी, दुसरी बुडी, तिसरी. मग ते घाईघाईने बाहेर आले.

“अनेझिना, हा समुद्र उलटा आहे!”

“काल डोक्यावर ऊन घेतलंस तू.”

“ऐक तर! आयुष्यभर बुड्या मारल्या मी. पाणी वर कोमट असतं, खाली थंड. इथे या टोकाला वर थंड आहे, बर्फासारखं, हातभरच. आणि खाली कोमट! वरचं तोंडात घेतलं, ते खारटही धड नाही.”

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात पापा साव्वास हसायला लागले. आधी हळू, मग मोठमोठ्याने. आम्हाला वाटलं, गेले हे!

“दिवा!” ते म्हणाले. “मी रोज देवळात तसबिरीपुढचा दिवा लावतो. काचेत अर्धं पाणी, त्यावर बोटभर तेल, तेलावर वात. तेल पाहिजे म्हणून कोणी तळापर्यंत बुडवतं का? तळाला पाणीच लागणार! इथेही तसंच आहे. गोड पाणी हलकं. ते डोंगरातून येतं आणि खाऱ्यावर तरंगतं.”

“बोटभर,” आत्या पुटपुटली. मग एकदम उभी राहिली. “आणि माश्यांचे पाय केवढे? त्या कुठे खणतात! त्या वरचं वर पितात! अरे, आपण गाढवं, गाढवं! त्यांनी दाखवलं होतं आपल्याला!”

या वेळी आम्ही खड्डा खणला नाही. काठाला समांतर लांब चर पाडला, वीतभर खोल, जास्त नाही. कोणी जरा जोर लावला की आत्या हातावर फटका मारायची. चरात पाणी झिरपलं, गढूळ, मग स्वच्छ. आम्ही वाट पाहिली. माश्या आमच्या आधी काठावर येऊन बसल्या. मग आत्याने शिंपला वरच्यावर फिरवून भरला आणि मला दिला.

मी साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ चांगलं पाणी प्यायलं आहे. तसं नाही!

दिवसभर आम्ही शिंपल्यांनी पखाली भरत राहिलो. आता एकच अडचण होती : बोट.

“चिंध्या टिकत नाहीत,” काका म्हणाले. “जाड, घट्ट विणीचं कापड पाहिजे, आणि वर डांबर. डांबर कुठून आणू?”

आत्याने मेणाचा गोळा पुढे केला.

“मेण? उन्हात वितळेल की ते!”

“बोटीच्या पोटाखाली ऊन कुठलं, शहाण्या?”

“बरं. आणि कापड?”

आम्ही तिघांनीही पापा साव्वास यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आपल्या काळ्या झग्याकडे पाहिलं, मग आकाशाकडे.

“विधवा आईने विणलाय हो,” ते म्हणाले. आणि खालची दीड वीत टराटरा फाडून दिली!

काकांनी पट्ट्या मेणात मळल्या, पहारीच्या टोकाने फटीत ठोकल्या, वरून आणखी मेण थापलं. दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पडला होता. बोट लोटली. आम्ही श्वास रोखला. फळीच्या कडेने एक थेंब आला. दुसरा आला. मग थांबले!

पाळीपाळीने वल्ही मारत राहिलो. कावोच्या टोकाला वाऱ्याची एक झुळूक आली आणि आत्याने डोळे मिटून घेतले, पण ती झुळूकच राहिली. पापा साव्वास या वेळी पुढच्या टोकाला उघडे बसले होते, गुडघ्यापर्यंतच्या झग्यात, भिजून आक्रसलेली टोपी घालून.

“काका, झाकून घेऊ का?” त्यांनी विचारलं.

“गप बसा आणि प्रार्थना करा,” पोथितॉसकाका म्हणाले. “मोठ्याने.”

सणाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बंदरात शिरलो. धक्का गाठोड्यांनी, गाद्यांनी, कोंबड्यांच्या खुराड्यांनी भरला होता. आम्ही बुडालो असंच सगळ्यांनी धरलं होतं. माझी आई काळे कपडे घालून उभी होती. आत्याने कोणाला मिठी मारली नाही. तिने पखालीचं तोंड सोडलं आणि पहिली वाटी पोलादासारख्या कडक म्हाताऱ्या सरपंचांपुढे धरली. ते प्यायले. त्यांनी वाटी उलटी करून पाहिली, जणू तळाशी काही लिहिलेलं आहे.

“कुठलं?”

“पिक्रीचं.”

“पिक्री कडू आहे.”

“खोल गेलं तर आहे,” आत्या म्हणाली.

नावा आल्या. त्यांच्यात काही घरं चढली. त्यांना मी दोष देत नाही. उरलेल्यांनी पावसापर्यंत पाळीपाळीने पिक्रीचं पाणी आणलं. त्या हिवाळ्यात पाऊस छपरं फोडून पडला. पुढे चरावर दगडी पाट बांधला, मग छोटा पंप आला.

पोथितॉसकाका आणखी बारा वर्षं समुद्रावर गेले. पापांच्या झग्याची एक चिंधी त्यांनी डोलकाठीला खिळ्याने ठोकली होती. ती दिसल्याशिवाय ते दोर सोडत नसत. पापा साव्वास यांची बदली मोठ्या शहरातल्या देवळात झाली. तिथून दर वर्षी सणाआधी त्यांचा निरोप यायचा : दिव्याच्या तळाला घालायला पिक्रीची एक बाटली पाठवा. ते वारले त्या वर्षीही आम्ही पाठवली होती. आत्या एका वसंतात कावोच्या टोकावर, मातीच्या नळ्यांच्या पोळ्यांजवळ बसल्या जागी गेली. माश्या तिच्या ओढणीवर चालत होत्या. एकही तिला चावली नव्हती.

पोळी आता माझ्याकडे आहेत, म्हणजे माझ्या नातीकडे. मी फक्त ओरडते.

पिक्रीला आता बोटी भरभरून परदेशी लोक येतात. छत्र्या लावतात, फोटो काढतात. दक्षिण टोकाला माश्या दिसल्या की टॉवेल झटकतात. लहान मुलं प्लॅस्टिकची फावडी घेऊन भोकं पाडतात, खोल, आणखी खोल. मागच्या उन्हाळ्यात एक सोनेरी केसांची मुलगी अशीच कोपरापर्यंत खणत होती. मला तिची भाषा येत नाही. मी तिच्याशेजारी बसले, खड्डा हाताने बुजवला आणि बाजूला दोन बोटं टेकवून दाखवलं, एवढंच.

तिने तसं केलं, थांबली, बोट तोंडात घातलं. मग डोळे मोठे करून आईला हाक मारत धावत सुटली.